ज्याचा त्याचा खेळ

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आम्ही कोणी विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिक्षण, त्यानंतर अध्यापनाची पदविका, आणि पुढे अडतीस वर्षे मुलांकडून पाढे व शुद्धलेखन घोटवून घेण्याचे काम, एवढीच आमची शिदोरी. चिटणिसांनी आम्हास आरोग्याविषयी बोलण्यास सांगितले. परंतु व्यायाम करावा, मिताहार करावा, पहाटे उठावे, हा उपदेश येथे बसलेल्या प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की, प्रौढ माणसाने आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे. दिवसाचा हिशेब मांडला तर प्रौढाच्या वाट्याला बावीस मिनिटेही पुरती येत नाहीत. इतके थोडे मागणे असूनही आपल्या देशातील जवळजवळ निम्म्या प्रौढांच्या हातून ते पुरे होत नाही, असे याच संघटनेच्या पाहणीत दिसून आले आहे. तेव्हा प्रश्न असा की, ठाऊक असूनही हे घडत का नाही? आमचे उत्तर आम्ही पुस्तकातून काढलेले नाही. ते आमच्या एका जुन्या चुकीतून आम्हास मिळाले. ती चूक प्रथम आपल्यापुढे मांडतो.

आमचा जन्म १९५९ सालचा, पुण्याच्या एका जुन्या पेठेतला. वडिलांना शरीर कमावण्याचा भारी सोस. सातव्या वर्षी त्यांनी आम्हास गल्लीतल्या तालमीत नेऊन सोडले. तेथील तांबडी माती, तेलाचा वास, आणि "अरे, हा तर बोरूचा टाक!" म्हणून हसणारी थोरली मुले आजही आम्हास आठवतात. जोर काढताना हात थरथरत, आणि हात थरथरले की हशा पिकत असे. चार महिन्यांत आम्ही युक्ती शोधून काढली. घरून लंगोट घेऊन निघावे, मारुतीच्या देवळामागे तासभर गोष्टीचे पुस्तक वाचावे आणि अंगाला थोडी माती फासून घरी यावे. वडिलांच्या समजुतीने आम्ही दोन वर्षे तालीम केली. वस्तुतः आमच्या मनात व्यायामाविषयी जी अढी बसली, ती पुढे पन्नास वर्षे सुटली नाही.

याहून खेदाची गोष्ट पुढेच आहे. जे आम्ही सोसले तेच आम्ही शिक्षक झाल्यावर मुलांना दिले. पाढा चुकला, काढ उठाबशा! उशीर झाला, मार मैदानाला चार फेऱ्या! त्या काळी हे सर्वत्र चालत असे, म्हणून त्यात वावगे काही आहे असे कोणाच्या मनातही आले नाही. परंतु श्रोतेहो, विचार करा. ज्या गोष्टीची गोडी लावावयाची तीच शिक्षा म्हणून वापरली, तर मुलाच्या मनात तिची गोडी उपजणार कशी? वाचनाची आवड लागावी म्हणून कोणी अपराधी मुलास धडा वाचण्याची शिक्षा देतो काय?

आमच्या वर्गात एक स्थूल मुलगा होता. धावण्यात नेहमी शेवटचा. कवायतीच्या तासाला त्याचे पोट दुखे. आम्ही त्याला सर्वांदेखत 'पोटदुखे' असे नाव ठेवले, आणि मुलांनी ते वर्षभर चालविले. पुढे तो मुलगा शाळा सोडून गेला आणि आम्ही त्याला विसरलो.

आम्ही सेवानिवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी मधुमेहाचे निदान झाले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की गोळ्या देतो, पण शरीर हलविल्यावाचून गत्यंतर नाही. आम्ही आज्ञाधारकपणे एका आधुनिक व्यायामशाळेत वर्षाची वर्गणी एकदम भरली. तेथे फिरत्या पट्ट्यावर चालावयाचे. समोर भिंत आणि कानावर कर्कश गाणी. एकोणीस दिवस गेलो. नंतर एकट्याने फिरावयास जाऊ लागलो, तर पाय चालत आणि मन घड्याळाकडे धावे. पर्वतीच्या १०३ पायऱ्याही काही दिवस चढून पाहिल्या. वर पोहोचल्यावर शहर पाहून डोळे निवत, पण गुडघे कुरकुरू लागले.

अशा निराशेत एके दिवशी भाजी मंडईत एक चाळिशीचा गृहस्थ आमच्या पाया पडला. खांदे रुंद, चेहरा प्रसन्न. "गुरुजी, ओळखलेत का? मी तुमचा पोटदुख्या." आम्हास क्षणभर काय बोलावे ते सुचेना. तो हसतच म्हणाला, "गुरुजी, तेव्हा माझे पोट खरेच दुखायचे. शुक्रवारी तुमचा कवायतीचा तास असायचा आणि गुरुवारी रात्रीच ते दुखायला लागायचे." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते आम्हास अधिक लागले. पुढे त्याने सांगितले की, त्याच वर्षी उन्हाळ्यात आजोळी मामाने पाठीला भोपळा बांधून त्याला विहिरीत सोडले, आणि आठ दिवसांत भोपळा सुटला. जमिनीवर ज्या देहाला मुले हसत, तोच देह पाण्यावर अलगद तरंगे. यात चमत्कार काही नाही. चरबी पाण्याहून हलकी असते, म्हणून स्थूल माणूस सडपातळ माणसापेक्षा सुखाने तरंगतो. त्या दिवसापासून तीस वर्षे तो पोहत आहे. आमच्याच वर्गात बसलेल्या त्या मुलाच्या अंगी एक कला होती आणि आम्ही त्याला आळशी ठरवून मोकळे झालो होतो! आम्ही भर मंडईत त्याचे हात धरून क्षमा मागितली. तो म्हणाला, "गुरुजी, क्षमा कसली? उद्या सहा वाजता तलावावर या."

येथे आम्हास आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पुराने नदीकाठच्या पेठा बुडविल्या. आम्ही तेव्हा दोन वर्षांचे होतो. आईने आम्हास कडेवर घेऊन कमरेइतक्या पाण्यातून वाट काढली. त्या दिवसापासून तिने आम्हा भावंडांस पाण्याच्या वाऱ्यालाही उभे राहू दिले नाही. तिची भीती खरी होती आणि ती आमच्यात उतरली. म्हणून साठीच्या उंबरठ्यावर आम्ही तलावाच्या पायरीवर उभे राहिलो तेव्हा दात वाजत होते, ते केवळ थंडीने नव्हे.

पहिले तीन दिवस कठडा धरून नुसते पाण्यात तोंड बुडवून बुडबुडे काढले. शेजारी सहा वर्षांची पोरे तेच करीत होती. पाचव्या दिवशी शिक्षकांनी पाठीखाली हात धरून आम्हास उताणे झोपविले आणि म्हणाले, "काका, मान सैल सोडा. पाणी उचलून धरते, तुम्ही त्याच्याशी भांडू नका." मान सैल झाली, कान पाण्यात गेले, बाहेरचा सारा गलबला थांबला, आणि वर फक्त आकाश राहिले. हात केव्हा काढून घेतला गेला ते आम्हास कळलेही नाही. त्या दिवशी घरी परतताना आमच्या ध्यानात आले की, तासाभरात आम्ही एकदाही घड्याळ पाहिले नव्हते. तेविसाव्या दिवशी आम्ही तलावाची रुंदी एकट्याने पार केली. आज सहा वर्षे झाली. प्रकृती बरी नसेल तो दिवस सोडून आम्ही रोज जातो. मधुमेह गेला असे आम्ही खोटे सांगणार नाही. गोळ्या चालूच आहेत, डॉक्टरांनी त्यांतील एक कमी केली इतकेच. परंतु पहाटे जाग येताच आज जावयाचे आहे या विचाराने बरे वाटते, आणि हेच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. व्यायाम टिकतो तो गोडीने. नुसत्या निश्चयाच्या बळावर चार आठवडे निघतात. गोडी लागली तर जन्म निघतो.

आता कोणी म्हणेल, हा एका म्हाताऱ्याचा छंद झाला. म्हणून आम्ही आपल्या या पुण्याकडे व महाराष्ट्राकडे पाहण्याची विनंती करतो. लोकमान्य टिळक १८७३ साली डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा प्रकृतीने किरकोळ होते. पहिले वर्ष त्यांनी शरीर कमावण्यात घालविले आणि त्या वर्षी परीक्षेत अपयशही पदरी घेतले. त्यांना पोहण्याची मोठी आवड होती. पुढे कारावासाचे कष्ट सोसणारे शरीर त्या वर्षाच्या पुंजीवर उभे होते, असे त्यांचे चरित्र वाचताना वाटते.

आपल्या पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर पाहा. संस्कृतचे अध्यापन करावे आणि क्रिकेट खेळावे. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. पन्नाशी उलटल्यावरही त्यांनी एका सामन्याच्या दोन्ही डावांत शतके काढली. १९९३ साली ते वारले तेव्हा त्यांचे वय १०१ वर्षांचे होते. परंतु आम्हास त्यांच्या घरातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्यांच्या सुंदर, सुमन आणि तारा या कन्या बॅडमिंटनमध्ये देशात अग्रेसर ठरल्या. वडिलांचा खेळ एक, मुलींचा दुसरा. आणि हा दुसरा खेळ तर याच गावच्या मातीतला. १८७० नंतरच्या दशकात येथील छावणीतले इंग्रज अधिकारी तो खेळत, आणि आरंभी तो 'पूना' याच नावाने ओळखला जाई.

श्री. मुरलीकांत पेटकर यांची कथा तर प्रत्येक मुलास सांगावी अशी आहे. सांगली जिल्ह्यातला हा तरुण सैन्यात मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि मुष्टियुद्ध कायमचे सुटले. एखादा तेथेच खचला असता. ते टेबल टेनिसकडे वळले, नंतर पोहण्याकडे. आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. भारताचे त्या स्पर्धांतील ते पहिले सुवर्णपदक. एक खेळ गेला तरी खेळणे संपत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. अलीकडचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या श्री. स्वप्नील कुसाळे यांचे. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश मिळाल्यावर प्रारंभीच्या शिक्षणानंतर एक खेळ निवडावयाचा होता. त्यांनी नेमबाजी निवडली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक जिंकले. १९५२ साली हेलसिंकीला कै. खाशाबा जाधव यांनी कुस्तीत पदक मिळविल्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. एकाच जिल्ह्याच्या आसमंतात कोणाला माती बोलावते, कोणाला बंदूक. आधी चाखून मग निवडण्याची सोय असावी, एवढाच याचा मथितार्थ.

आता हा आपला खेळ ओळखावयाचा कसा? आमच्या अल्प अनुभवातून चार गोष्टी सांगतो. पहिली, आपला स्वभाव पाहावा. कोणाला चारचौघांत रंग चढतो. त्याने खो-खो, कबड्डी, दुहेरी बॅडमिंटन यांकडे वळावे. कोणाला एकांत प्रिय. त्याला पोहणे, सायकल, टेकडी बरी. कोणाला हरजीत हवी असते, तर कोणाला ती नकोशी असते. दुसरी गोष्ट, दहाव्या-अकराव्या वर्षी कोणी न सांगता आपण काय करीत होतो ते आठवावे. झाडावर चढत होतो की दोरीवरून उड्या मारीत होतो? तेथेच पुष्कळदा खूण सापडते. तिसरी, कोणताही खेळ निदान सहा आठवडे करून पाहावा. पहिले काही दिवस अंग दुखते, त्यावरून निर्णय करू नये. आणि तोवर महागडी साधने विकत घेऊ नयेत, वर्षाची वर्गणी तर मुळीच भरू नये. चौथी, ठिकाण घराजवळ असावे आणि एखादा सोबती असावा. आपण गेलो नाही तर कोणी वाट पाहील, ही जाणीव पुष्कळ काम करते. श्रम किती करावेत? खेळताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, ही मध्यम श्रमाची सोपी कसोटी. पन्नाशी उलटलेल्यांनी आणि आमच्यासारख्या मधुमेह्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा.

भगिनींनो, आपणांस वाटेल की हे सारे पुरुषांचे झाले. आमच्या सौभाग्यवतींनी लग्नानंतर चाळीस वर्षे घर, सासू-सासरे, मुले यांवाचून दुसरे काही पाहिले नाही. 'व्यायाम' म्हटले की त्या म्हणत, "दिवसभर उठबस करते तेवढी पुरे." चार वर्षांपूर्वी शेजारणींनी त्यांना मंगळागौरीच्या खेळांच्या मंडळात ओढून नेले. झिम्मा, फुगडी, पिंगा, सूपनाच! माहेरी श्रावणात रात्र रात्र जागविलेले हे खेळ पायांनी विसरले नव्हते. गुडघ्यामुळे बसफुगडी वर्ज्य आहे, पण आठवड्यातून तीन दुपारी त्या जातात आणि घरी येतात त्या गुणगुणत. हा व्यायाम आहे असे त्यांना सांगितले असते तर त्या गेल्या नसत्या. विवाहानंतर मुलींचा खेळ सुटावा, हा काही निसर्गाचा नियम नव्हे. ती आपल्या घरांची रीत आहे, आणि ती आपल्यालाच मोडता येईल. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही चषक जिंकले, आणि दोन्ही कप्तान महाराष्ट्राचे होते. ज्या खेळाचे नियम या शहरातील डेक्कन जिमखान्याने शंभरावर वर्षांपूर्वी बांधून दिले, त्या खेळात आपल्या मुलींनी दहावीचे वर्ष आले म्हणून मागे का राहावे?

शेवटी आमचे एक मागणे आहे, आणि ते काहींस रुचणार नाही याची आम्हास कल्पना आहे. आपली संस्था दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते. हे योग्यच आहे. परंतु सत्कार होतो तो केवळ गुणपत्रिकेचा. कार्यालयामागील आपल्या पटांगणात लग्नसराईखेरीज वाहनेच उभी असतात. आम्ही सुचवितो की, येत्या उन्हाळी सुट्टीपासून त्या पटांगणावर 'खेळ चाखण्याचा' पंधरवडा भरवावा. रोज एक खेळ: दोरीचा मल्लखांब, खो-खो, बॅडमिंटन, लेझीम, आट्यापाट्या, एखादा दिवस तलावावर, एखादा टेकडीवर. मुले, मुली, सुना, आजोबा सर्वांनी यावे. जिंकणाऱ्यास बक्षीस नको. जो कोणी आपला खेळ निवडून वर्षभर टिकवील, त्याचा पुढील संमेलनात गुणवंतांच्याच रांगेत सत्कार व्हावा. खर्चाचा प्रश्न निघेल म्हणून सांगतो, आमच्या निवृत्तिवेतनातून पहिल्या वर्षीचे पाच हजार रुपये आम्ही चिटणिसांकडे आजच देत आहोत.

आणि या पंधरवड्याचे दार केवळ ज्ञातीपुरते नसावे. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे बोलतो ते विचारपूर्वक. याच पुण्यात बाळू पालवणकर नावाचा तरुण इंग्रजांच्या जिमखान्यात खेळपट्टीची निगा राखीत असे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत असे. त्याची गोलंदाजी पाहून हिंदूंच्या संघाने त्याला मैदानावर घेतले, कारण त्याच्यावाचून सामना जिंकता येईना. परंतु चहाच्या वेळी जातीमुळे त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या पेल्यात चहा मिळे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले; तरीही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते मिळाले त्याचा भाऊ विठ्ठल याला, १९२३ साली. चेंडूला जात कळत नव्हती, माणसांना कळत होती. आपल्या पटांगणावर गल्लीतले कोणतेही मूल यावे, आणि सर्वांनी एकाच माठातले पाणी प्यावे, अशी आमची इच्छा आहे.

आमची दहा वर्षांची नात दोरीच्या मल्लखांबावर चढते. मागील आठवड्यात ती उलटी लोंबकळत म्हणाली, "आजोबा, तुम्हाला भीती वाटते ना? मग पाहू नका." आम्हास खरोखरच भीती वाटते, आणि आम्ही पाहतोही. आमच्या वडिलांनी आम्हास त्यांच्या आवडीच्या तालमीत पाठविले, त्यांचा हेतू चांगलाच होता. आम्ही नातीला आमच्या तलावावर ओढून नेले नाही, एवढेच आम्ही त्या अनुभवातून शिकलो.

आमचा तो विद्यार्थी आज या सभेत शेवटच्या रांगेत बसला आहे. तो आपल्या ज्ञातीचा नव्हे; आमच्या विनंतीवरून आला आहे. त्याच्या वर्गात आम्ही गुरुजी होतो, तलावावर तो आमचा गुरू आहे. त्याला आपणा सर्वांसमक्ष वंदन करून आम्ही आपली रजा घेतो.